शेवटच्या रांगेतून

गेल्या गणपतीत आम्ही पाच जण जुन्या गाडीने गावी पोहोचलो ते दुपारी दोनला. दादा-वहिनी एसटीने येत होते, ते पोहोचले रात्री दहाला. कुंभार्ली घाटात दरड आली होती आणि रस्ता मोकळा होईपर्यंत ती दोघं हेळवाकला अडकून पडली. तेवढा वेळ आई ओटीवरच्या खांबाला टेकून बसली होती. जेवली नाही. थोरला मुलगा दारात दिसला तेव्हा उठली आणि मला एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी सगळे एका गाडीत."

आम्ही माणसं सात. आई, मी, बायको, मुलगी, मुलगा आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे दादा-वहिनी. घर पुण्यात, मूळ गाव देवरुखजवळ. गणपती, शिमगा, मे महिना आणि दिवाळीनंतरचे चार दिवस, अशा वर्षाला चार खेपा ठरलेल्या. माझ्याकडे पैसे वीस लाख, तेही गाडी रस्त्यावर उतरेपर्यंतचा सगळा खर्च धरून.

घरात गाडीतलं कळणारी माणसं दोन. दादाने 31 वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी देवरुख आगारातून, घाटाच्या रस्त्यांवर. मुलगी इंजिनिअर, चाकणला गाड्यांच्या सीट तयार करणाऱ्या कारखान्यात चार वर्षं काम करते. दोघांचा एकमेकांवर फार जीव, पण गाडीच्या बाबतीत एकही मत जुळत नाही. दोन रविवार त्यांचं बोलणं चाललं. मी बहुतेक वेळ ऐकत होतो. ते इथे उतरवतो आहे, कारण सात सीटांची गाडी घ्यायला निघालेल्या घरांत हेच प्रश्न निघतात आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बहुतेक वेळा गाडी दारात आल्यावर सुचतो.

"सात माणसं, सामान आणि कुंभार्ली," दादाने सुरुवात केली. "म्हणजे लॅडर चेसिसची गाडी, डिझेल, आणि ओढ मागच्या चाकांची. यात चर्चा कसली?"

"मागे कोण बसणार, काका?"

"मागे? पोरं बसतील."

"पोरं म्हणजे मी सव्वीस वर्षांची आणि हा पाच फूट अकरा इंच."

दादा गप्प झाला. त्याच्या नजरेसमोर ती दोघं अजून शेजाऱ्यांच्या सुमोत मागच्या बाकावर बसणारी होती. आमच्या पिढीला सात-आठ माणसांची गाडी म्हटलं की तीच आठवते. सुमो 1994 साली आली, टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावाची आद्याक्षरं घेऊन. मग 2000 साली क्वालिस आणि 2005 साली इनोव्हा. सुमोत मागे समोरासमोर दोन आडवी बाकं असायची, चार माणसांचे गुडघ्यात गुडघे. वडापच्या जीपमध्ये तर माणसं मोजायची पद्धतच नव्हती. त्या बाकांवरून आम्ही लग्नांना गेलो, जत्रांना गेलो, आणि ते प्रवास मला आजही प्रिय आहेत. पण ब्रेक लागला की आडव्या बाकावरच्या माणसाला धक्का बाजूने बसतो आणि मान तो झेलायला तयार नसते, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. बोलेरोत आजही मागे तशीच बाकं आहेत. मुलीने ती गाडी पहिल्याच मिनिटाला यादीतून काढली आणि दादानेही हरकत घेतली नाही.

"आता सरळ तोंडाच्या तिसऱ्या रांगेचं ऐका," ती म्हणाली. "लॅडर चेसिसच्या गाडीत खाली शिडीसारखी लोखंडी चौकट असते, तिच्यावर बॉडी बसवतात. मजबूत असते, मान्य. पण त्यामुळे मजला चौकटीच्या वर येतो. छत काही तेवढं वर नेता येत नाही. मग मागची सीट मजल्याला टेकवावी लागते आणि माणूस जवळपास उकिडवा बसतो. मांड्या सीटला लागत नाहीत, सगळं वजन माकडहाडावर. आमच्याकडे सीटचं काम करताना पहिल्या मापांत हे माप असतं, टाचेपासून खुबा किती उंच. ते कमी पडलं की गादी कितीही मऊ लावा, तासाभरात माणूस चुळबुळ करतो. आपल्याला सात तास जायचंय."

"आणि दुसऱ्या जातीच्या गाडीत?"

"मोनोकॉकमध्ये वेगळी चौकट नसते, बॉडीच सगळा भार घेते. मजला खाली आणता येतो. मागे जागा मिळेलच असं नाही, पण मिळू शकते. शिवाय मागच्या ॲक्सलच्या वर बसलेल्या माणसाला..."

"ते मला नको सांगू, बाय," दादा मध्येच म्हणाला. "शेवटच्या बाकाचं मला ठाऊक आहे. एसटीचा शेवटचा बाक मागच्या चाकांच्याही पलीकडे असतो. खड्डा आला की ड्रायव्हरला कळतो एवढासा, आणि मागचा माणूस वीतभर उडतो. मी नवा होतो तेव्हा एका जुन्या ड्रायव्हरने सांगितलं होतं, आरशात मागचा बाक बघ. तिथली माणसं झोपलेली दिसली तर समज तू बरा चालवतोयस. मी 31 वर्षं तो बाक बघून गाडी चालवली."

"मग गाडी घेताना पण तोच बाक बघून घेऊया ना."

"बाक बघू. पण आधी गाडी घरापर्यंत पोचली पाहिजे."

हे त्याने उगाच काढलं नव्हतं. गावात देवळापासून आमच्या खळ्यापर्यंत तीनशे मीटरची चढण आहे. कातळावर लाल माती, पावसात वर शेवाळ, आणि एका जागी पाण्याने कापलेली घळ. एसटी देवळाशीच वळते.

"भरलेली गाडी चढाला लागली की वजन मागे जातं," दादा सांगत होता. "पुढची चाकं हलकी होतात. ओढ पुढच्या चाकांची असेल तर ती जागच्या जागी फिरणार. मागच्या चाकांची असेल तर ज्या चाकांवर वजन आलंय तीच गाडी ढकलणार. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही."

"पुस्तकातही हेच आहे, काका. तुमचं बरोबर आहे. पण ते वर्षातले चार दिवस. गाडी देवळाशी लावू, चालत जाऊ."

"आणि आई?"

इथे मुलगी अडली. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. तिच्यासाठी गाडी दारापर्यंत जायला हवी आणि तिच्याचसाठी गाडी उंचही नको. उंच गाडीत चढायचं म्हणजे आधी पायरीवर पाय, मग हात वरच्या दांडीला, मग सगळं अंग उचलून आत. सात तासांच्या प्रवासात हे निदान चार वेळा. माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा ठळक असतो, तोही रिकाम्या गाडीचा. सात माणसं बसली की गाडी खाली बसते. पण सीटची कड जमिनीपासून किती वर आहे हे मला कुठल्या माहितीपत्रकात सापडलं नाही. शेवटी मी घरी टेप घेतली आणि आईच्या पलंगाची उंची मोजली, कारण तिथून ती कोणाचा हात न धरता उठते. ऑपरेशननंतर पायांखाली ठोकळे घालून ती 24 इंच केलेली आहे. ज्या गाडीची पुढची सीट त्याच्या दोन-तीन इंच वर आहे तिथवर तिला जमेल असं मी धरलं. घरात वयस्क माणूस असेल तर हे माप जरूर घ्यावं.

चढणीवरचा तोडगा मुलीने पुढच्या रविवारी आणला. "देवळापाशी सगळे उतरायचं, सामानही उतरवायचं. आजी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. मागच्या दोन्ही रांगा रिकाम्या राहिल्या की वजन पुढच्या चाकांवर टिकतं. टायरची नक्षी मात्र शाबूत पाहिजे. झिजलेले टायर गणपतीपर्यंत ओढायचे नाहीत, जूनच्या आधीच बदलायचे."

दादा बराच वेळ बोलला नाही. ती चढण मनातल्या मनात चढत असावा. "रिकामी गाडी चढेल," तो म्हणाला. "पण पावसात तिथे मीच चालवीन."

मला हा तोडगा पटला. तीनशे मीटरसाठी वर्षभराची गाडी बेतायची नाही. ज्यांचं शेत, कलमं किंवा रोजचं कामच अशा रस्त्यापलीकडे आहे त्यांनी दादाचं ऐकावं. त्यांच्यासाठी स्कॉर्पिओ-एनसारखी मागच्या चाकांच्या ओढीची, हवी तर चारही चाकांच्या ओढीची गाडी हेच खरं उत्तर आहे, आणि तिसऱ्या रांगेत दोन तास अवघडणं ही त्याची रास्त किंमत आहे.

पैशांचं बोलणं निघालं तेव्हा वही मी घेतली. रोजचं ऑफिस येऊन-जाऊन 22 किलोमीटर, वर्षाचे साडेपाच हजार. गावाच्या चार खेपा प्रत्येकी सहाशेच्या, म्हणजे चोवीसशे. इकडचं-तिकडचं अकराशे. सगळे मिळून 9,000 किलोमीटर. गाडी बघायला जाण्याआधी हा आकडा प्रत्येकाने काढावा. तो मनात धरलेल्या आकड्यापेक्षा बराच लहान निघतो. मी विचारल्यावर घरात सगळ्यांनी पंधरा हजार सांगितला होता.

"डिझेलला घाटात तोड नाही," दादा म्हणाला. "साधं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन घेऊन सात माणसं आणि एसी, दुसऱ्या गियरच्या वर जाणार नाहीस."

"साधं इंजिन नको, हे मलाही मान्य. एर्टिगाचा टॉर्क साधारण 137 न्यूटन-मीटर. सात माणसं म्हणजे साडेचारशे किलो धरा, सामान वेगळं. चार-पाच माणसं आणि शहर असेल तर ती फार शहाणी गाडी आहे, पण आपली खेप तिला जड जाईल. किया आणि ह्युंदाईचं दीड लिटरचं टर्बो पेट्रोल 253 देतं. सफारीचं दोन लिटरचं डिझेल 350. तुमचं डिझेल पुढे आहेच. पण 253 मध्ये कुंभार्ली निघते."

मी हिशेब मांडला. मोठं पेट्रोल इंजिन आमच्या वापरात लिटरला 12 देईल, डिझेल 15. पेट्रोल 104 रुपये आणि डिझेल 91 रुपये धरलं तर वर्षाचं पेट्रोल 78,000 रुपयांचं, डिझेल 54,600 चं. डिझेलमध्ये वाचतात 23,400. आता दुसरी बाजू. त्याच दर्जाची डिझेल गाडी सव्वा लाखाने महाग धरली, पेट्रोल 15 लाख तर डिझेल 16 लाख 25 हजार. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला वाहन कर 12 टक्के आहे, डिझेलला 14 टक्के. म्हणजे एकीकडे 1,80,000 आणि दुसरीकडे 2,27,500. किमतीतला आणि करातला फरक मिळून 1,72,500 रुपये. तो भरून निघायला सात वर्षांहून जास्त.

"मी वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर चालवणारा असतो तर?" दादाने विचारलं.

"तर तीन वर्षांत वसूल," मी म्हणालो. "मग डिझेलच."

"आणि काका, डिझेल इंजिन आता तुमच्या वेळचं राहिलं नाही," मुलगी म्हणाली. "1 एप्रिल 2020 पासून बीएस-6. धुराच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जळायला गाडी मधूनमधून सलग वेगाने पळावी लागते. बाबा सकाळी अकरा किलोमीटर जातात आणि त्याला चाळीस मिनिटं लागतात. त्यात तो फिल्टर पुरता तापतच नाही. मग दिवा लागतो आणि वर्कशॉप गाठावं लागतं."

दादाने हे लक्षपूर्वक ऐकलं. डिझेलचा आग्रह त्याने तिथेच सोडला, आणि हे त्याच्यासाठी सोपं नव्हतं. आयुष्यभर ज्या इंजिनाच्या आवाजावर कान ठेवून त्याने माणसं सुखरूप पोहोचवली, त्याला नाही म्हणायचं होतं.

बायकोने सीएनजीचं विचारलं. इंधन स्वस्त, कर कमी. पण एर्टिगात तिसरी रांग उभी असताना मागे 209 लिटर जागा उरते, आणि सिलिंडर नेमका तिथेच येतो. मे महिन्यात परतताना आमच्याबरोबर आंब्याच्या पेट्या, फणस, कोकमं आणि वहिनीने वाळवलेलं काय काय असतं. सात सीटरच्या सामानाच्या जागेचा आकडा वाचताना तो तिसरी रांग उभी धरून दिलाय की पाडून, हे आधी पाहायचं. इनोव्हा हायक्रॉसमध्ये रांग उभी असतानाही 300 लिटर मिळते, पण ती आमच्या वीस लाखांत बसत नाही.

"वर कॅरिअर लावू," दादा म्हणाला.

"लावू, पण वर फक्त हलकं. कपड्यांच्या बॅगा वर, पेट्या खाली. वजन उंचावर गेलं की वळणात गाडी जास्त झुकते, आणि ते सर्वांत जास्त तिसऱ्या रांगेला कळतं. वहिनीकाकूंना आधीच गाडी लागते."

वीस लाखांचं गणितही इथेच लिहून ठेवतो. वाहन कर, विमा, दहा लाखांवरच्या गाडीला लागणारा एक टक्का टीसीएस (तो आयकर विवरणात वळता होतो), हे सगळं धरलं की वीस लाखांत शोरूमच्या पाटीवरची किंमत साधारण सतरा लाखांच्या आत हवी. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा 1,500 सीसीपर्यंत 10,640 रुपये, त्यावरच्या इंजिनाला 24,596, वर जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा उपकर गेला आणि सरसकट 40 टक्के जीएसटी आला. आधी मोठ्या एसयूव्हीवर उपकरासह 50 टक्के लागायचे. त्यामुळे वर्षापूर्वी आमच्या आवाक्याबाहेर असलेल्या दोन गाड्या यादीत आल्या.

यादी जवळपास झाली तेव्हा बायकोने सगळ्यांत अवघड गोष्ट विचारली. "वर्षातून चार वेळा सात जण. बाकी दिवस तू एकटा एवढी मोठी गाडी घेऊन ऑफिसला जाणार. त्यापेक्षा पाच सीटांची घे, पाच-सहा लाख वाचतील. गावाला जाताना सात सीटर भाड्याने."

मी तोही हिशेब मांडला. आम्हाला सांगितलेला भाव किलोमीटरला 16 रुपये, दिवसाला किमान तीनशे किलोमीटर. पाच दिवसांच्या एका खेपेला 24,000, चार खेपांचे 96,000. वाचलेले सहा लाख सहा वर्षांहून थोडे अधिक पुरतील. म्हणजे पैशांत दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच. जे घर वर्षातून एक-दोनदाच एकत्र निघतं, त्याने सात सीटर घेऊ नये, भाड्यानेच न्यावी, असं मी मनापासून सांगेन. आमच्याकडे पारडं झुकलं ते ओटीवर बसलेल्या आईमुळे. गणपतीच्या आठवड्यात सांगितलेली गाडी ऐनवेळी आली नाही तर तिच्यासमोर काय सांगायचं? बायकोने हे ऐकून मान हलवली. पण जाता जाता म्हणाली, "मग पार्किंगचंही बघून ठेवा."

ते आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं. आमच्या जागेवर दोन खांबांमध्ये अडीच मीटर आहेत. सफारीची रुंदी 1,922 मिलिमीटर, स्कॉर्पिओ-एनची 1,917. दोन्ही बाजूंना उरतात 29 सेंटिमीटर, एवढ्यात दार उघडून आई तर सोडाच, मीही उतरू शकत नाही. कियाची कॅरेन्स 1,800 मिलिमीटर, तिथे 35. आईला फाटकाशीच उतरवायचं हे कुठल्याही गाडीत आलंच, पण रोज मला तिथे गाडी लावायची आहे. रुंद गाड्यांचा प्रश्न त्या खांबांनीच मिटवला.

शोरूममध्ये आम्ही सातही जण गेलो. तिथल्या मुलाने किल्ली पुढे केली, "आधी चालवून बघा, साहेब." मुलगी म्हणाली, "आधी बसून बघतो."

तिने बसवण्याची रीत ठरवून आणली होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ती माझ्या पायांना हवी तेवढी मागे घ्यायची. मग माझ्यामागे मुलाने बसून त्याची सीट त्याला हवी तशी सरकवायची. त्यानंतर जे उरेल त्यात तिसऱ्या रांगेत दादाने बसायचं. शोरूममध्ये मधली रांग पुढे सरकवून ठेवलेली असते, त्यामुळे मागे ऐसपैस वाटतं. खरं माप पुढची माणसं आपापल्या जागी बसल्यावरच कळतं. आणि बसायचं वीस मिनिटं, घड्याळ लावून.

पहिल्या गाडीत दादाचे गुडघे छातीशी आले. तो काही बोलला नाही. आठव्या मिनिटाला त्याने एक पाय आडवा केला, बाराव्याला दुसरा. वहिनी त्याच्या शेजारी होती. काच तिच्या नजरेच्या वर सुरू होत होती आणि रस्ता दिसतच नव्हता. ज्याला गाडी लागते त्याला बाहेरचं दिसणं हेच औषध असतं. एसीची हवा मागे येत होती, पण पंख्याचं बटण मधल्या रांगेकडे. वीस मिनिटं झाली तेव्हा दादाला बाहेर यायला मधली सीट पाडून, कमरेत वाकून, एका पायावर तोल सांभाळावा लागला. मुलगी सेकंद मोजत होती. तिने मला आकडा दाखवला, मोठ्याने सांगितला नाही.

तिथल्या मुलाने पाच ताऱ्यांची पाटी दाखवली. मुलगी त्याच्याशी फार आदराने बोलली. "तारे हवेतच. भारत एनकॅपच्या टक्कर चाचण्या 2023 पासून सुरू झाल्या ही फार चांगली गोष्ट झाली. पण समोरची टक्कर ताशी 64 किलोमीटरला घेतात तेव्हा मोठ्यांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर असतात आणि मुलांचे दुसऱ्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कोणी नसतं. माझे काका-काकू तिथे बसणार आहेत. त्यामुळे मला विचारायचंय, पडद्याच्या एअरबॅग तिसऱ्या खिडकीपर्यंत येतात का? आणि यांच्या डोक्यापासून मागची काच किती लांब आहे?" त्याने माहितीपत्रक उघडलं, मग आतून एका जाणत्या माणसाला बोलावून आणलं. उत्तर मिळालं, आणि मिळालं ते सरळ मिळालं.

पट्ट्यांबद्दल घरात वाद नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर, पट्टा न लावता. त्या दिवसापासून आमच्या जुन्या गाडीत मागचाही पट्टा लागल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही. सात सीटरमध्ये मात्र हे जास्त कठीण, कारण तिसऱ्या रांगेचे पट्टे सीटच्या फटीत रुतून बसतात आणि मधल्या रांगेच्या मधल्या जागेला पूर्ण खांद्यावरून येणारा पट्टा आहे की फक्त कमरेचा, हे हाताने ओढून पाहावं लागतं. आम्ही सातही ओढून पाहिले.

दुसरी गाडी कमी उंच, दिसायला कमी रुबाबदार. एसयूव्हीपेक्षा जरा लांबट मोटारीसारखीच म्हणायची. मधली सीट एका बटणावर उलटून पुढे जाते. दादा आत गेला आणि बसला. पाय मजल्यावर टेकले, मांड्या बऱ्यापैकी सीटला लागल्या. ऐसपैस नव्हतंच. वीस मिनिटांत त्याने एकदाच पाय हलवला. वहिनीला खिडकीतून रस्त्यापलीकडचं झाड दिसत होतं, एवढं तिने सांगितलं. आईने पुढच्या सीटवर आधी बसून मग पाय आत घेतले, कोणाचा हात न धरता.

"इंजिन बघायचं नाही का?" मी दादाला विचारलं.

"बघू की. सात जण बसवून बघू. एकटा ड्रायव्हर बसवून कुठलीही गाडी पळते."

शोरूमवाल्यांनी दुसऱ्या दिवशी दोन तास दिले, तेही सातही जणांना घेऊन जायला. मुलीने निघायच्या आधी दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचून चारही टायरांत भरलेल्या गाडीसाठीची हवा भरून घेतली. चार माणसांच्या हवेवर सात माणसं नेऊन गाडी डुलते अशी तक्रार करण्यात अर्थ नाही, म्हणाली. जायचं होतं बोपदेव घाटात. कुंभार्ली नव्हे, पण चढ आहे, वळणं आहेत, आणि उतरताना ब्रेक तापतात का ते कळतं.

"ज्या गियरात चढशील त्याच गियरात उतर," दादाने बजावलं.

"माहीत आहे, काका. तुम्हीच शिकवलंय."

मला वाटलं होतं तो पुढे बसेल. किल्ली मुलीच्या हातात होती आणि शेजारी आई आधीच बसली होती. दादाने मधली सीट स्वतः पाडली, आत गेला, फटीतून पट्टा उकरून काढून लावला आणि वहिनीचाही लावून दिला. मग मागून हाक मारली.

"बाय, आरसा जरा खाली घे. मी दिसलो पाहिजे."

मुलीने आरसा हलवला. काचेत आधी गाडीचं छत आलं, मग वहिनीचं कपाळ, मग दादाचे डोळे.

"दिसताय," ती म्हणाली, आणि पहिला गियर टाकला.